मायनर थ्रेट : तीन वर्षांचे आयुष्य आणि पाऊण तासाची ध्वनिमुद्रणे

पर्वतीपायथा

वॉशिंग्टनमधील मायनर थ्रेट हा हार्डकोर पंक बँड डिसेंबर १९८० मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर वाजला आणि २३ सप्टेंबर १९८३ रोजी शेवटचा. मधले काही महिने तर तो बंदच होता. एवढ्या काळात त्यांनी जे ध्वनिमुद्रित केले, ते जवळजवळ सगळे १९८९ मध्ये एका संग्रहात एकत्र आले : २६ गाणी, पाऊण तासाहून थोडी जास्त. अकरावीत असताना मी ती सीडी एका मित्राच्या मोठ्या भावाकडून दोन दिवसांसाठी आणली होती आणि परत करण्यापूर्वी तिची कॅसेट करून घेतली होती. सी-६० ची, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटची, तीस मिनिटांची एक बाजू भरली, उरलेली सतरा मिनिटे दुसऱ्या बाजूला गेली आणि त्यापुढची फीत कोरी राहिली. एका बँडचे जवळजवळ सगळे काम एका साध्या कॅसेटमध्ये मावते, याचे तेव्हा मला फार नवल वाटले होते आणि आजही वाटते.

ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की पंक संगीत अमेरिकेतल्या शाळकरी वयाच्या मुलांच्या हाती आले तेव्हा त्यांनी ते आणखी वेगवान, आणखी आखूड आणि आणखी थेट केले, आणि त्याला हार्डकोर हे नाव पडले. गाण्याला फारशी प्रस्तावना नसते, गिटारवादकाला एकट्याने खुलवायला जागा नसते. या बँडच्या ज्या गाण्यामुळे ‘स्ट्रेट एज’, म्हणजे नशेपासून दूर राहण्याची भूमिका, हा शब्द जगभर गेला, ते गाणे ४६ सेकंदांचे आहे.

मला या धाग्यात मुख्यतः त्यांच्या ध्वनिमुद्रणांविषयी लिहायचे आहे, आणि त्याची सुरुवात मायनर थ्रेटच्या आधी होते. गायक इयान मकाय आणि ड्रमवादक जेफ नेल्सन हे दोघे त्यापूर्वी टीन आयडल्स नावाच्या बँडमध्ये होते. तो बँड १९७९ मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर १९८० मध्ये मोडला. वर्षभरात कार्यक्रमांतून मिळालेले पैसे त्यांनी वाटून न घेता एका डब्यात साठवले होते आणि ती रक्कम सुमारे ६०० डॉलर झाली होती. बँड संपल्यावर चौघांसमोर प्रश्न होता की हे पैसे वाटून घ्यायचे की आधीच करून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणाची तबकडी काढायची. त्यांनी तबकडी काढली. जो बँड आता कुठेही वाजणार नव्हता, ज्याची तबकडी विकण्यासाठी एकही कार्यक्रम होणार नव्हता, त्याच्या सात इंची तबकडीच्या एक हजार प्रती निघाल्या आणि त्यासाठी डिस्कॉर्ड ही तबकड्या काढणारी कंपनी जन्माला आली. वेष्टनांचे काम छापखान्याकडे पूर्ण सोपवण्याइतके पैसे नव्हते, म्हणून एक तयार वेष्टन उलगडून त्याचा आकार पाहिला, तसे कागद छापून आणले आणि मुलांनी घरी बसून ते कात्रीने कापले, दुमडले आणि चिकटवले. लग्नपत्रिकांच्या हंगामात नारायण पेठेतल्या छापखान्यांत घड्या घालायला बसलेली घरची मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य लगेच डोळ्यांसमोर आणता येईल.

ध्वनिमुद्रण झाले ते डॉन झिंटारा यांच्या इनर इअर या स्टुडिओत, आणि स्टुडिओ म्हणजे आर्लिंग्टन या शेजारच्या गावातील त्यांच्या राहत्या घराचे तळघर होते. मायनर थ्रेटनेही १९८१ मध्ये तिथेच आठ गाण्यांची पहिली आणि चार गाण्यांची दुसरी तबकडी केली. बेस वाजवणारा ब्रायन बेकर बँड सुरू झाला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, मकाय अठराचा. गिटारवादक लाइल प्रेस्लर शिक्षणासाठी इलिनॉयला गेल्यामुळे बँड बंद पडला, १९८२ मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि स्टीव्ह हॅन्सगेन बेसवर आल्यावर बेकर दुसरी गिटार वाजवू लागला. या पाच जणांनी केलेली ‘आउट ऑफ स्टेप’ ही बारा इंची तबकडी १९८३ मध्ये आली. त्यानंतर संगीत कोणत्या दिशेने न्यावे याविषयी मतभेद झाले आणि सप्टेंबरमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला.

पुढची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. बँड संपल्यानंतर, डिसेंबर १९८३ मध्ये, ते पुन्हा स्टुडिओत गेले आणि लोकांसमोर आता कधीही न वाजणारी तीन गाणी मुद्रित करून आले. ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे टीन आयडल्सच्या वेळी जे केले तेच त्यांनी पुन्हा केले. बँड चालू राहावा म्हणून लोक तबकड्या काढतात. या मुलांनी बँड संपला म्हणून काढल्या, आणि आज पुण्यात बसून मी ती गाणी ऐकू शकतो याचे कारण तो निर्णय आहे. आपल्या शहरातही गेल्या पंचवीस वर्षांत अशी मुले वाजवून गेली आहेत. त्यांतली किती गाणी आज ऐकता येतात, हे मला इथल्या सदस्यांकडून जाणून घ्यायचे आहे.

तबकडी

धागा मनापासून आवडला. मी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे आणि माझा सगळा संग्रह नाट्यसंगीताचा आणि ख्यालगायनाचा आहे, त्यामुळे हे संगीत माझ्या कानाला सवयीचे नाही. तुमचे वाचून काल रात्री पहिल्या आठ गाण्यांची तबकडी दोनदा ऐकली. गायनाविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही, परंतु मुद्रणाविषयी सांगतो. चारही घटक वेगवेगळे ऐकू येतात. बेसचा प्रत्येक आघात मोजता येतो, आणि इतक्या वेगात ड्रमवादकाची लय कुठेही घसरत नाही. तळघरात, थोडक्या साधनांनी आणि कमी वेळात हे करणाऱ्या माणसाचा कान उत्तम असला पाहिजे.

४६ सेकंदांच्या गाण्यावरून आठवले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून तासभर राग मांडणाऱ्या गवयांना तो साडेतीन मिनिटांत मांडावा लागला. पुष्कळांना तो अन्याय वाटला, पण काहींनी त्या मर्यादेत असे गायन केले की फापटपसारा नावालाही उरला नाही. तिथे मर्यादा यंत्राची होती. या मुलांना यंत्राने अडवले नव्हते, त्यांनी ती मर्यादा स्वतः घालून घेतली, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

पुण्यात खाजगी मैफलींची जी स्पूलवरची (उघड्या रिळावरच्या फितीवरची) मुद्रणे आज टिकून आहेत, ती कंपन्यांमुळे टिकलेली नाहीत. कोणीतरी यंत्र उचलून मैफलीला नेले, कोपऱ्यात बसून मुद्रण केले, डब्यावर तारीख, राग आणि साथीदारांची नावे लिहिली आणि पुढचे चाळीस पावसाळे तो डबा कोरडा ठेवला, म्हणून ती टिकली. डब्यावर काही न लिहिलेली कितीतरी स्पूल माझ्याकडे आली आहेत. गायक ओळखता येतो, पण तबल्यावर कोण होते हे आता कोणीही सांगू शकत नाही.

मुठाकाठ

या बँडविषयी लिहिताना एक अवघड गोष्ट टाळता येणार नाही असे मला वाटते. त्यांच्या दुसऱ्या तबकडीवरील एका गाण्यात गोरे असल्याबद्दल अपराधी ठरवले जाण्याविषयी तक्रार आहे. मकाय यांनी पुढे अनेकदा स्पष्ट केले की आपण ज्या शाळेत शिकलो तिथे बहुसंख्य विद्यार्थी कृष्णवर्णीय होते, तिथल्या अनुभवातून ते गाणे आले आणि त्याचा रोख वंशभेदाविरुद्धच होता. १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते, हे लक्षात घेतले तर त्यांचे म्हणणे समजते. तरीही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या शाळेपुरते लिहिलेले शब्द तबकडीवर गेले की ती शाळा मागे राहते आणि शब्द तेवढे फिरत राहतात. स्लेअर या बँडने १९९६ मध्ये हे गाणे गाताना शेवटचा एक शब्द बदलला आणि त्यातून जो अर्थ निघाला तो मूळ गायकाला मुळीच मान्य नव्हता. मुद्रण जपण्याचा आग्रह धरताना हेही जपले जाते, याचा विचार धागाकर्त्यांनी करावा.

पर्वतीपायथा

मुठाकाठ, आपण हा मुद्दा मांडलात हे बरे केले. मलाही ते गाणे अपुरे वाटते. शिवाय ज्यांच्याकडे पाहून ही मुले वेग शिकली तो बॅड ब्रेन्स हा बँड त्याच शहरातील कृष्णवर्णीय तरुणांचा होता, आणि ते आधी जॅझच्या वळणाचे संगीत वाजवत होते. त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये केवळ कॅसेटवर निघाली, हेही या धाग्यात नोंदवून ठेवण्याजोगे आहे. मायनर थ्रेटविषयी बोलायचे आणि बॅड ब्रेन्सचे नाव घ्यायचे नाही, हे मला चुकीचे वाटते, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात ते राहून गेले.

मात्र मुद्रणामुळे चूक गोठते तशी दुरुस्तीही गोठते. दारू, सिगारेट आणि उथळ संबंध यांपासून दूर राहण्याविषयीचे एक गाणे त्यांनी आधी १९८१ मध्ये केले होते. ऐकणाऱ्यांना ती आज्ञा वाटू लागली आणि बँडमध्येही त्यावरून वाद झाला. नेल्सन यांचे म्हणणे होते की ‘मी’ हा शब्द स्पष्ट असला पाहिजे, म्हणजे ते गाणाऱ्यापुरते राहील. १९८३ मध्ये तेच गाणे पुन्हा मुद्रित करताना मकाय मध्येच थांबून बोलतात आणि हे इतरांसाठी घालून दिलेले नियम नाहीत असे सांगतात. दोन्ही मुद्रणे उपलब्ध असल्यामुळे एका तरुण माणसाने स्वतःचे म्हणणे दोन वर्षांत कसे सावरले, हे आपल्याला कानांनी ऐकता येते. एकच उरले असते तर ते कळले नसते.

कर्वेनगर_७

स्ट्रेट एजची खूण ठरलेल्या हातावरच्या फुलीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. टीन आयडल्स ऑगस्ट १९८० मध्ये बसने कॅलिफोर्नियाला गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये ते अल्पवयीन असल्यामुळे त्यांना दारू दिली जाऊ नये म्हणून हातांवर मोठी फुली काढण्यात आली. परत आल्यावर त्यांनी वॉशिंग्टनमधील क्लबला सांगितले की आमच्या वयाच्या मुलांच्या हातावर अशीच फुली काढा, पण आम्हाला आत येऊन ऐकू द्या. त्यांच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर तेच फुली काढलेले हात आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न आजही सुटलेला नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे, आणि पुण्यात अशा संगीताचे बहुतेक कार्यक्रम जिथे दारू मिळते तिथेच होतात. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, ती गिटार वाजवते, आणि ज्या बँडची गाणी ती पाठ म्हणते तो बँड घरापासून सात किलोमीटरवर वाजत असताना तिला दारातून परत यावे लागले. दारावरच्या माणसाने नियम पाळला, त्याला दोष देत नाही. पण ज्या वयात बेकर बँडमध्ये वाजवत होता, त्याहून एका वर्षाने मोठ्या मुलीला ऐकायलाही जागा नसेल, तर पुढचा बँड कुठून येणार? शाळांची सभागृहे आणि गणेश मंडळांचे मांडव ही दोनच ठिकाणे मला सुचतात, आणि दोन्हीकडे रात्री दहाची मर्यादा पाळूनही असा कार्यक्रम होऊ शकतो, कारण या संगीताला वेळ फार लागत नाही.

दोन_काठ्या

धागाकर्त्यांनी जो प्रश्न विचारला आहे त्याचे उत्तर देण्यासाठी इथे पहिल्यांदाच लिहीत आहे. जुलै २००४ ते सप्टेंबर २००५ या काळात मी पुण्यात अशाच एका बँडमध्ये ड्रम वाजवत होतो. नाव लिहीत नाही, कारण बाकी तिघांना अजून विचारलेले नाही. आम्ही कर्वे रस्त्यामागच्या एका सोसायटीच्या पार्किंगला लागून असलेल्या खोलीत सराव करत असू. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या केल्या होत्या आणि बास ड्रममध्ये घरची उशी घातली होती. संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ सोसायटीने ठरवून दिली होती आणि आम्ही ती कधीही ओलांडली नाही. एकूण सहा कार्यक्रम झाले. शेवटच्या कार्यक्रमानंतर गिटारवादक नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि बँड थांबला.

आम्ही पैसे जमवून एका स्टुडिओत दोन दिवस मुद्रण केले होते. मिक्सिंगचे पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे ठरले होते. ते जमायला पाच महिने लागले, आणि आम्ही गेलो तेव्हा हार्ड डिस्क भरल्यामुळे आमचे काम पुसून टाकल्याचे सांगण्यात आले. एक फोन केला असता तर आम्ही उधार मागून पैसे नेऊन दिले असते. एकोणीस वर्षांचा होतो, भांडताही आले नाही. सायकल हातात धरून मी म्हात्रे पुलापर्यंत चालत आलो होतो, एवढे आठवते.

आता उरली आहे ती एक कॅसेट. सरावाच्या खोलीत घरचा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर) खुर्चीवर ठेवून केलेली. त्यात प्रत्येक वेळी मी स्नेअर ड्रमवर जोरात मारले की पुढचा क्षणभर गिटार नाहीशी होते आणि मग हळूहळू वर येते. गेली अठरा वर्षे ती लावलेली नाही, कारण मागच्या वेळी आवाज अगदी दबलेला येत होता. तबकडीकाका, ती वाचेल का?

तबकडी

वाचेल. घाई मात्र करू नका.

गिटार बुडते ते फितीच्या दोषामुळे नाही. घरगुती यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप राखणारी सोय असते, ती प्रत्येक मोठ्या आघातानंतर सगळाच आवाज खाली ओढते. ते मुद्रणातच आहे, त्याला हात लावू नका. दबलेल्या आवाजाचे कारण बहुधा वेगळे आहे. कॅसेट उघडून पाहा, फितीच्या मागे पत्र्याच्या पट्टीवर चिकटवलेला नमद्याचा छोटा तुकडा असतो. पुण्याच्या पावसाळ्यात त्याचा गोंद सुटतो आणि तुकडा पडतो, मग फीत हेडला (यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही. दुसऱ्या एखाद्या स्क्रूच्या कॅसेटमधली पट्टी काढून तिथे बसवा. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर लावू नका, आधी मला दाखवा. वरच्या कडेची प्लास्टिकची दोन्ही जिभडी आजच मोडा, म्हणजे चुकूनही त्यावर काही मुद्रित होणार नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या, आणि मग लावा. आवाज अजून दबलेला वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू कानाने ऐकत अगदी किंचित फिरवा आणि झांजांचा आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबा. डॉल्बी ही खरखर कमी करणारी सोय बंद ठेवा.

संगणकावर घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल करा. मिनिटाला सुमारे ३५ एमबी लागतील, आजच्या काळात ते काहीच नाही. एमपी३ नंतर हवी तेवढी करता येते. खरखर काढण्याचा मोह मूळ प्रतीवर अजिबात करू नका.

एक शेवटचे. दोन गाण्यांच्या मध्ये गिटार शांत असताना अॅम्प्लिफायरची घरघर ऐकू येत असेल. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणून ती घरघर ५० वर किंवा तिच्या दुपटीला, १०० वर दिसायला हवी. संगणकावर मोजा आणि मला सांगा.

पर्वतीपायथा

दोन_काठ्या, स्टुडिओतले वाचून फार वाईट वाटले. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक वाचनालयाने २०१४ पासून शहरातील पंक संगीताचा संग्रह उभा केला आहे आणि त्यात ध्वनिमुद्रणांबरोबर भित्तिपत्रके आणि मुलांनी स्वतः छापलेली मासिकेही आहेत. मकाय यांच्या पुढच्या बँडने, फुगाझीने, आपले ८०० हून अधिक कार्यक्रम मुद्रित करून ठेवले आणि २०११ पासून ते लोकांसाठी खुले केले. आपल्याकडे लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपटांचा संग्रह १९६४ पासून आहे. गाद्या लावलेल्या खोल्यांतील संगीतासाठी असे काही नाही, म्हणून तूर्त आपणच हे करू या. आपल्याकडे त्या सहा कार्यक्रमांची पत्रके असतील तर तीही स्कॅन करून ठेवावीत अशी विनंती आहे.

दोन_काठ्या

काकांनी सांगितल्याप्रमाणे सगळे केले. नमद्याचा तुकडा खरोखरच पडलेला होता, तो कॅसेटच्या खिडकीत अडकलेला सापडला. बुरशी नव्हती. काल दुपारी अकरा गाणी उतरवून घेतली, १४ मिनिटे २० सेकंद. चौथ्या गाण्यानंतर आमचा गायक मला हळू वाजवायला सांगतो आणि मी नाही म्हणतो, हे अगदी स्पष्ट ऐकू येते. मला तो प्रसंग आठवत नव्हता.

घरघर मोजली. ती १०० वर नाही, १०४ वर आहे. गिटारवादक ट्यूनर लावून तार जुळवत असे, म्हणून खालची मोकळी तारही मोजली. ती ८२.४ हर्ट्झ हवी होती, ८५.७ आली. म्हणजे दोन्हींचे प्रमाण एकच आहे.

तबकडी

म्हणजे मुद्रण करताना तुमचा टू-इन-वन चार टक्के मंद चालत होता आणि आता नीट चालणाऱ्या यंत्रावर सगळे चार टक्के वेगाने ऐकू येते. मूळ फाइल तशीच ठेवा आणि वेग दुरुस्त केलेली दुसरी प्रत करा. दोन्हींच्या नावात तसे लिहा. तारीख, ठिकाण, कोणी काय वाजवले आणि कोणत्या यंत्रावर मुद्रण झाले, हे सगळे फाइलसोबत लिहून ठेवा, आजच.

दोन_काठ्या

दुरुस्त प्रत केली. १४ मिनिटे ५४ सेकंद झाली. इतकी वर्षे मी ज्यांना भेटलो त्यांना सांगत आलो की आम्ही पुण्यात सर्वांत वेगाने वाजवत होतो, आणि ते मी या कॅसेटच्या भरवशावर सांगत होतो. आता खरा वेग ऐकला. गायकाचा आवाज त्याचा स्वतःचा वाटतो, आधी तो लहान मुलासारखा येत असे. बास ड्रम थोडा जड लागतो आणि मला तो असाच आठवतो.

गायक आणि गिटारवादक यांनी होकार दिला आहे. बेसवादकाचा पत्ता त्याच्या मावशीकडून मिळाला, त्याला काल रात्री दोन्ही प्रती पाठवल्या. त्याचे उत्तर आले की दुरुस्त केलेलीच ठेव, पण आठव्या गाण्यात मी दुसऱ्या कडव्यात चुकलो आहे, ते तसेच राहू दे. पत्रके चार मिळाली, दोन हरवली आहेत. स्कॅन उद्या चढवतो.